खुलासा : रावेरखेडी जळगावात नाही

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतंय : ‘थोरल्या बाजीरावांची समाधी जळगाव जिल्ह्यातल्या रावेरला, लोकसंख्या पंचवीस हजारांवर.’ दोन्ही चूक. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला वारले ते रावेरखेडीला. नर्मदेच्या दक्षिण तीरावरचं हे खेडं आपल्याच मध्य प्रदेशात, खरगोन जिल्ह्यात आहे. इंदूरहून बडवाह, मोरटक्क्याचा पूल, मग सनावद अशी वाट. जळगावचं रावेर म्हणजे भुसावळ–खंडवा रेल्वेमार्गावरचं, केळीसाठी प्रसिद्ध तालुक्याचं गाव. तिथे नर्मदा नाहीच. लोकसंख्याही त्याचीच उचललेली दिसते. २०११ च्या जनगणनेत दोन्ही वेगवेगळ्या राज्यांत नोंदलेली आहेत. नावं इतकी सारखी, की गफलत होणारच. पण कुणी भुसावळचं तिकीट काढण्याआधी तो मेसेज पुढे पाठवणं कृपया थांबवा, आणि पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.