‘ओपनला काहीच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी, फॉर्मच्या काउंटरवरून

बारावीचा निकाल लागला की तो मेसेज हमखास फिरतो. यंदा मला तीन ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ओपनच्या पोराने पूर्ण फी भरायची आणि ‘त्यांना’ सगळं फुकट, श्रीमंत दलिताचा पोरगाही स्कॉलरशिप उचलतो, मुसलमानांना तर सरकार धर्म बघून पैसे वाटतं. तालुक्याच्या गावी माझं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सगळ्या जातिधर्मांची पोरं तिथे एकाच रांगेत उभी असतात, म्हणून बोलतोय.

‘ओपनला काहीच नाही.’ साफ खोटं. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती खुल्या प्रवर्गासाठीच आहे. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिक्षण फी सरकार देतं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (ओपनमधले आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास, म्हणजे मराठा) आणि ओबीसी मुलींना त्याच मर्यादेत पूर्ण फी माफ झाली. वसतिगृह भत्त्यासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे. शिवाय 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने आलेलं 10 टक्के ईडब्ल्यूएस आरक्षण. त्यात एससी, एसटी, ओबीसीला शिरताच येत नाही. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एका गृहस्थांच्या मुलीचा शाहू महाराजांच्या योजनेचा अर्ज मीच भरलाय. उत्पन्नाचा दाखला काढायलाही तेच आले होते.

‘श्रीमंत दलित.’ इथे थोडं थांबू, कारण यात अर्धं खरं आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना महाराष्ट्रात जी फ्रीशिप, म्हणजे फीमाफी मिळते, तिला उत्पन्नाची अट नाही. अधिकाऱ्याच्या मुलाची फी सरकारने का भरावी, हा प्रश्न मला गैर वाटत नाही. पण निर्वाह भत्त्यासकट मिळणारी जी खरी भारत सरकार शिष्यवृत्ती, तिची मर्यादा 2.5 लाख आहे. महिन्याला हिशेब केला तर 21 हजारांच्या आत. ओपनची 8 लाखांची मर्यादा महिन्याला 66 हजारांच्या पुढे जाते. म्हणजे सरकारच्या लेखी 60 हजार कमावणारा ओपनचा बाप सवलतीला पात्र, आणि 22 हजार कमावणाऱ्या एससीच्या बापाच्या पोराचा भत्ता गेला. हा आकडा मेसेजवाल्यांनी कुठेच दिलेला नाही.

‘धर्म बघून पैसे.’ अल्पसंख्याक शिष्यवृत्ती सहा समाजांसाठी आहे: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैन. मेसेजमध्ये मात्र नाव एकाचंच. आणि मिळायचे किती? दहावीपर्यंत घरून ये-जा करणाऱ्या लहान मुलाला महिन्याला 100 रुपये, वर्षाला हजार. तेही पहिली ते आठवीसाठी 2022-23 पासून बंद झाले, आणि त्याच वर्षी संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिपही. बागवान, मोमीन, अत्तार यांना ओबीसीचा दाखला मिळतो तो जातीवर, धर्मावर नाही. उलट जिथे सरकार खरंच धर्म बघतं, तिथे काय होतं? 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जात म्हणजे फक्त हिंदू; पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले. त्याच जातीचा, तेच काम करणारा माणूस ख्रिश्चन किंवा मुसलमान असेल तर यादीबाहेर. इथे धर्मामुळे मिळत नाही, जातं.

राहिलं ‘फुकट’. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं खातं, मग महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज, मग ‘कॉलेज लॉगिनला पेंडिंग’, म्हणजे अर्ज कॉलेजकडेच अडकलेला. एससी शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के वाटा असतो. दोन्ही यायला वेळ लागतो आणि कॉलेजला थांबायचं नसतं. गेल्या साली एक मुलगी आली होती, नर्सिंगची. बापाने प्रवेशाच्या दिवशी कॉलेजला पुढच्या तारखेचा चेक लिहून दिलेला. शिष्यवृत्ती आली की परत देऊ म्हणाले होते. तारीख आली, शिष्यवृत्ती नाही. चेक वटू नये म्हणून खात्यातले पैसे काढून घ्यावेत का, हे विचारायला ती माझ्याकडे आली होती. मी फॉर्म भरणारा माणूस, मी काय सांगणार!