राजकारणाची फाईल वेगळी, बाजारभावाची फाईल वेगळी

१९७९ साली मी आठ वर्षांची होते. सोलापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला रेशनचं दुकान होतं आणि रॉकेलची गाडी येणार म्हटलं की पहाटेपासून डबे रांगेत लागायचे. माणसं घरी जायची, डबे नंबर धरून उभे राहायचे. आमचा निळा पाच लिटरचा डबा आणि त्याच्या शेजारी मी. गाडी आली नाही की दुकानदार म्हणायचा, "इराणचा राजा पळाला, आता रॉकेल कुठलं?" मला तेव्हा इराण कुठे आहे हेही माहीत नव्हतं. पण तिथला राजा पळाल्यामुळे आईला चुलीवर स्वयंपाक करावा लागतोय, एवढं पक्कं कळलं होतं.

गेला महिनाभर मी रात्री जेवणं उरकली की त्या राजाच्या पळून जाण्याबद्दल वाचतेय. पुस्तकांतून थोडं आणि अमेरिकेच्या गुप्तचर खात्याच्या खुल्या झालेल्या कागदांतून बरंच. सीआयएने जानेवारी २०१७ मध्ये नऊ लाखांहून अधिक जुने दस्तऐवज इंटरनेटवर टाकले. एक कोटी वीस लाखांच्या आसपास पानं. टाइपरायटरची अक्षरं, मधे मधे पुसून पांढरे किंवा काळे केलेले तुकडे. एका देशात मंत्रिमंडळ पडलं, खालच्या परिच्छेदात दुसऱ्या देशात गव्हाचं पीक बुडालं, त्याखाली तिसऱ्या देशाने कर्ज मागितलं. वाचायला बसलं की उठवत नाही. आणि इराणपाशी आलं की घशात काहीतरी अडकतं.

ऑगस्ट १९७८ मध्ये सीआयएने इराणवर एक मूल्यांकन लिहिलं. त्यातलं वाक्य आता जगप्रसिद्ध आहे: इराण क्रांतीच्या स्थितीत नाही, क्रांतिपूर्व स्थितीतही नाही. पुढच्याच महिन्यात, २८ सप्टेंबरला, संरक्षण खात्याच्या गुप्तचर विभागाने लिहिलं की शाह, म्हणजे तोच राजा, पुढची दहा वर्षं सत्तेवर सक्रिय राहतील अशी अपेक्षा आहे. १६ जानेवारी १९७९ ला शाह विमानात बसून देश सोडून गेले. दहा वर्षांचे ११० दिवस झाले.

हे सगळं घडताना इराणमध्ये काही लपलेलं होतं का? ९ जानेवारी १९७८ ला कुम शहरात गोळीबार झाला. शाहांचे विरोधक धर्मगुरू खोमेनी यांची निंदा करणारा लेख वर्तमानपत्रात आला म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते. शिया परंपरेत मृताचा चाळिसावा दिवस पाळतात. बरोबर चाळीस दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, तबरीझ पेटलं. तिथल्या मृतांच्या चाळिसाव्याला मार्चअखेर यझ्द आणि इतर शहरं. शोकाचं पंचांगच आंदोलनाचं वेळापत्रक झालं होतं. १९ ऑगस्टला आबादानच्या रेक्स चित्रपटगृहाला आग लावली गेली, शेकडो माणसं आत जळाली. ८ सप्टेंबरला तेहरानच्या झाले चौकात सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या. हे सगळं उघड्यावर चाललं होतं. 'दहा वर्षं' लिहिणाऱ्यांनी त्या गोळीबारानंतर वीस दिवसांनी ते वाक्य लिहिलं.

म्हणून मला 'गुप्तचर अपयश' हा शब्द अपुरा वाटतो. गुपित कळलं नाही म्हणून ते चुकले, असा त्याचा अर्थ निघतो. गुपितं होतीही. शाहांना १९७४ मध्ये कर्करोगाचं निदान झालं होतं, फ्रेंच डॉक्टर तेहरानला गुपचूप येऊन जायचे, आणि अमेरिकेला त्याचा पत्ता नव्हता. पण कुम, तबरीझ, बंद पडलेले बाजार हे काही कुणाच्या तिजोरीत नव्हतं.

रॉबर्ट जर्व्हिस नावाच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना सीआयएने नंतर या चुकीची चिकित्सा करायला सांगितलं. त्यांचा अहवाल बरीच वर्षं गोपनीय होता. त्यातली एक गोष्ट वाचून मी स्क्रीन बंद करून बसून राहिले. सीआयएमध्ये इराणवर राजकीय बाजू बघणारे दोन विश्लेषक होते आणि आर्थिक बाजू बघणारे दोन. राजकारणाचं कार्यालय वेगळं, अर्थकारणाचं वेगळं. अमेरिकेचा पश्चिम आशियातला सगळ्यात मोठा भरवशाचा देश, आणि त्याच्याकडे बघणारी ही एवढीच माणसं, तीही दोन खोल्यांत वाटलेली.

माझं म्हणणं इथेच आहे. इराणमध्ये जे घडलं ते या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत घडलं.

जरा मागे जाऊ. १९७३-७४ मध्ये तेलाचा भाव चौपट झाला. शाहांच्या हातात कधी नव्हे एवढा पैसा आला. ऑगस्ट १९७४ मध्ये कास्पियन समुद्रकाठच्या रामसरला बैठक घेऊन त्यांनी चालू पंचवार्षिक योजनेचा खर्च जवळजवळ दुप्पट केला. स्वतःच्याच अर्थतज्ज्ञांनी सावध केलं होतं की बंदरं, रस्ते, वीज, माणसं एवढा पैसा पचवू शकणार नाहीत. झालंही तसंच. बंदरात जहाजं महिनोन्‌महिने माल उतरवायला ताटकळत राहिली. खेड्यांतून माणसं तेहरानला लोटली, घरभाडी काही वर्षांत कित्येक पटींनी चढली. पगारदार माणसाचा निम्मा पगार भाड्यात जायला लागला.

महागाई वाढल्यावर शाहांनी दोष कुणावर टाकला? बाजारावर. १९७५ मध्ये नफेखोरीविरोधी मोहीम निघाली. विद्यार्थ्यांना निरीक्षक बनवून दुकानांत पाठवलं, खास न्यायालयं बसवली, हजारो दुकानदारांना दंड झाले, तुरुंगवास झाले, कित्येकांना आपल्या गावातून हद्दपार केलं.

आता तेहरानचा बाजार म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. तो नुसता दुकानांचा रस्ता नव्हता. गालिचे, धान्य, कापड यांच्या घाऊक व्यापाराचा मोठा हिस्सा आणि उधारीचा व्यवहार तिथून चालायचा. शब्दावर पैसे फिरायचे, जसे आमच्या सोलापूरच्या चाटी गल्लीत माझे आजोबा फिरवायचे. तिथल्या व्यापाऱ्यांची धार्मिक देणगी मशिदींना आणि मदरशांना जायची, मौलवींचा संसार त्यावर चालायचा. बाजारात अपमान झाला की तो संध्याकाळी मशिदीत पोचायचा, वेगळा निरोप धाडावा लागत नव्हता. १९७७ मध्ये जमशीद आमुझेगार पंतप्रधान झाले आणि त्यांनी महागाई आवरायला सरकारी खर्च कापला. बांधकामं मंदावली, खेड्यातून आलेल्या गवंड्यांचं, मजुरांचं काम गेलं. सरकारकडून धर्मगुरूंना मिळणारे पैसेही कमी झाले. व्यापारी, मजूर, मौलवी हे तीन वर्ग एका सरकारी आर्थिक धोरणाने दोन-तीन वर्षांत एका बाजूला आणून उभे केले.

आर्थिक विश्लेषकाला यात काय दिसणार? तेलाचं उत्पन्न, आयात, महागाईचा दर, 'अर्थव्यवस्था थंड करण्याचे उपाय योग्य दिशेने'. राजकीय विश्लेषकाला काय दिसणार? शाह, सेनापती, सावाक नावाचे गुप्त पोलीस, संसद. बंद शटरवर बोट ठेवून हे माझं की तुझं, असं विचारायला दोघांपैकी कुणालाच कारण नव्हतं.

ब्रिटिशांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्यांचे तेहरानमधले राजदूत अँथनी पार्सन्स यांनी नंतर प्रामाणिकपणे मान्य केलं की त्यांच्या दूतावासाचा सगळा भर ब्रिटिश माल इराणला विकण्यावर होता. म्हणजे अर्थकारणाकडे लक्ष होतंच, पण ते रणगाड्यांच्या ऑर्डरींकडे. घरभाड्याकडे नाही.

आणि अमेरिकेची गरज कोणती होती? उत्तर इराणमध्ये त्यांची ऐकण्याची ठाणी होती, तिथून सोव्हिएत क्षेपणास्त्र चाचण्यांवर कान असायचा. ती ठाणी शाहांच्या मर्जीवर. शाह नाराज होतील म्हणून विरोधकांशी बोलणं टाळलेलं. देशांतर्गत माहिती बरीचशी सावाककडून, म्हणजे शाहांच्याच पोलिसांकडून. ज्या देशात बसायचं त्याच्या सीमेपलीकडे कान, आणि पायाखालच्या जमिनीचं काय चाललंय ते घरमालकाला विचारायचं. खोमेनींची भाषणं कॅसेटवर देशभर फिरत होती, टॅक्सीत वाजत होती, पण ती मिळवून, उतरवून विश्लेषकांच्या टेबलावर पोचवण्याचं काम नीट झालं नाही.

जर्व्हिस यांनी दाखवलेली एक विचारातली गाठ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विश्लेषकांची खात्री होती की परिस्थिती खरंच हाताबाहेर गेली तर शाह सगळी ताकद वापरून चिरडून टाकतील. शाह चिरडत नाहीत, याचा अर्थ परिस्थिती अजून गंभीर नाही. तुम्हीच बघा, या समजुतीला खोटं ठरवणारा पुरावा वेळेवर येऊच शकत नाही. शाह आजारी आहेत, डळमळलेत, काय करावं ते त्यांना सुचत नाही, ही शक्यता विचारात घेतलीच नाही तर त्यांचं गप्प बसणं हा रोज नवा दिलासाच वाटणार.

ऑक्टोबर अखेर तेल कामगार संपावर गेले. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण त्यांच्या मागण्या वाचल्या की ती दोन खोल्यांमधली भिंत कोसळताना दिसते. त्या शरद ऋतूतले संप पगार, भत्ते, घरं यांवरून सुरू झाले. महिन्या-दीड महिन्यात त्याच कामगारांच्या यादीत मार्शल लॉ उठवा, राजकीय कैदी सोडा, सावाक बरखास्त करा हे आलं. पगारवाढ दिली तरी संप मिटेना. रोजचं ५० लाख पिंपांहून जास्त असलेलं उत्पादन काही दिवसांत १५ लाखांच्या आसपास आलं आणि वर्षअखेरीस देशाला स्वतःपुरतंही तेल पुरेना. केंद्रीय बँकेतल्या संपकरी कर्मचाऱ्यांनी तर देशाबाहेर पैसा पाठवणाऱ्या बड्या मंडळींची यादीच जाहीर केली. ती बातमी आर्थिक की राजकीय? मला सांगा कुठल्या फाईलमध्ये लावाल.

९ नोव्हेंबरला अमेरिकन राजदूत विल्यम सलिव्हन यांनी पहिल्यांदा वॉशिंग्टनला स्पष्ट कळवलं की शाहांशिवायच्या इराणचा विचार करायला लागा. दोनच दिवसांनी अध्यक्ष कार्टर यांनी परराष्ट्रमंत्री, सुरक्षा सल्लागार आणि सीआयए प्रमुखांना हाताने चिठ्ठी लिहिली की आपल्या राजकीय गुप्तवार्तेच्या दर्जाबद्दल मी समाधानी नाही. 'राजकीय'. त्या चिठ्ठीतही तो शब्द आहेच.

काही जण म्हणतील, मागे वळून बघणाऱ्याला सगळं सोपं दिसतं, क्रांतीची तारीख कोण सांगू शकणार? खरं आहे. तारीख कुणालाच सांगता येत नाही, आणि महागाई झाली म्हणून प्रत्येक देशात क्रांती होत नाही. तसं असतं तर जगात एकही सरकार टिकलं नसतं. पण तारखेचा प्रश्नच नव्हता. इस्रायलचे तेहरानमधले प्रतिनिधी उरी लुब्रानी यांनी १९७८ च्या उन्हाळ्यात कळवलं होतं की शाहांचा पाया ढासळतोय. त्यांनाही तारीख माहीत नव्हती. त्यांनी दिशा ओळखली होती.

श्रीलंकेचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचं आहे. २०१९ अखेरची करकपात, एप्रिल २०२१ मधली रासायनिक खतांची बंदी, आटलेली परकीय गंगाजळी, गॅस सिलिंडरच्या रांगा. जुलै २०२२ मध्ये अध्यक्ष राजपक्षे देशाबाहेर पळाले तेव्हा आपल्या वाहिन्यांवर तो 'अचानक उद्रेक' होता. रांगा तर महिनोन्‌महिने दिसत होत्या.

आपल्याला याची झळ किती बसते, ते रॉकेलच्या डब्यापुरतं नाही. कर्नाटकातल्या कुद्रेमुखची लोहखनिजाची खाण शाहांच्या इराणसाठी उभी राहत होती. १९७५ चा करार, ६३ कोटी डॉलरचं इराणी कर्ज, सगळं खनिज इराण घेणार. क्रांतीनंतर कर्जाचे पुढचे हप्ते थांबले, खनिज उचलायला कुणी आलं नाही, आणि आपल्याला नव्या गिऱ्हाइकांसाठी वणवण करावी लागली. एका देशाचं भवितव्य एका माणसाच्या तब्येतीवर टांगलंय हे आपल्यालाही कुठे माहीत होतं?

आणि हे म्हणताना मला हिंगण्यांची आठवण येते. पेशव्यांचे दिल्लीतले वकील. त्यांच्या पत्रांत दरबारातली कटकारस्थानं असतात आणि त्याच पत्रांत हुंड्या, कर्जं, पैशाची ओढाताणही असते. एकच माणूस सगळं लिहायचा, कारण त्याला तिथे राहायचं होतं, तिथेच उधारी करायची होती. फारसी येणारी माणसं तेव्हा आपल्याकडे होती. आज महाराष्ट्रात फारसी शिकणारे किती आहेत? नेपाळी, सिंहली, बर्मी शिकणारे? शेजारच्या देशातला वाण्याचा फलक वाचता येणारी माणसं नसतील तर तिथलं काय कळणार आपल्याला?

आता एक विनंती, त्यासाठीच ही पोस्ट लिहिली. सत्तरच्या दशकात भारतातून बरेच डॉक्टर, इंजिनिअर इराणला नोकरीला गेले होते. त्यांत मराठी माणसंही होती. तुमच्या घरात असे काका, मामा, आजोबा असतील तर त्यांची पत्रं कुठे आहेत ते बघा. १९७५ ते ७९ मधली. त्यांत तिथल्या पावाचा भाव, घरभाडं, कुठला बाजार किती दिवस बंद होता, इस्पितळातल्या परिचारिका काय बोलत होत्या, असं काही असेल. नावं, पत्ते झाकून फोटो पाठवलेत तरी चालेल, मला इनबॉक्समध्ये पाठवा. मी उतरवून घेईन. माळ्यावरची ट्रंक या दिवाळीला आवराल तेव्हा ती निळी एअरमेलची पाकिटं कृपा करून रद्दीत घालू नका.