एकेरी रस्ता करायचाच, तर आधी दुकानासमोरच्या दुचाकी मोजा

जळगावच्या बाजारात एकेरी वाहतूक हवी की नको, यावर जो तो बोलतोय. टॉवर चौक, घाणेकर चौक, सुभाष चौक, फुले मार्केट, दाणा बाजार, एवढ्या पट्ट्याचा हा विषय. व्यापारी म्हणतात हॉकर्स हटवा. हॉकर्स म्हणतात रिक्षा आवरा. रिक्षावाले म्हणतात दुचाकीवाले कुठेही घुसतात. बळीराम पेठेतले, शनिपेठेतले रहिवासी म्हणतात, तुमची वळवलेली वाहतूक आमच्या दारावरून नको. प्रत्येकाच्या बोलण्यात तथ्य आहे. पण रस्ता कशाने भरतो हे मोजल्याशिवाय या वादाचा निकाल लागणार नाही, म्हणून आधी मापं मांडतो.

चाळीस फुटी रस्ता धरा, म्हणजे साधारण १२ मीटर. दोन्ही बाजूंना दुकानाची पायरी आणि बाहेर मांडलेला माल मिळून एकेक मीटर गेला. उरले १०. दोन्ही बाजूंना काटकोनात लावलेल्या दुचाकी, प्रत्येकी २ मीटर. उरले ६. एका बाजूला लोटगाडी सव्वा मीटरची आणि तिच्यापुढे उभं असलेलं गिऱ्हाईक पाऊण मीटर. उरले ४. रिक्षा १.३ मीटर रुंद असते, म्हणजे समोरासमोर दोन रिक्षा जेमतेम निघतात. त्यातली एक सवारी उतरवायला थांबली की सगळं ठप्प. आणि पायी चालणारा माणूस या हिशोबात अजून आलेलाच नाही. तो याच ४ मीटरमधून, रिक्षा आणि हँडलच्या मधून अंग चोरून चालतो. बाजारात येणाऱ्या बाईच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोराचं बोट असतं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आता दुकानासमोर उभ्या असलेल्या दुचाकी कोणाच्या? बारा फूट दर्शनी दुकान घ्या. समोर चार दुचाकी बसतात, रेटून लावल्या तर पाच. मालक एक, कामाला तीन जण. सकाळी दहाला चार गाड्या लागल्या त्या रात्री नऊला निघतात. म्हणजे गिऱ्हाइकासाठी असलेली जागा शटर उघडतानाच संपली! गिऱ्हाईक आलं की ते दुसरी रांग लावतं, आणि त्या रांगेमुळे रस्ता अडतो. याच चार जागा अर्ध्या-अर्ध्या तासाला मोकळ्या होत राहिल्या, तर अकरा तासांत ८८ गिऱ्हाइकांच्या गाड्या तिथे लागू शकतात. स्वतःची गाडी ओट्याला लावून "पार्किंग नाही म्हणून धंदा बसला" म्हणणाऱ्या व्यापारी बांधवांनी हा आकडा एकदा कागदावर मांडून बघावा ही कळकळीची विनंती.

हे तपासायला सल्लागार कंपनी लागत नाही. दोन मुलं, एक वही. सकाळी दहा ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाला ठरलेल्या पन्नास दुकानांसमोरून चालत जायचं आणि प्रत्येक गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहायचे. संध्याकाळी वही उघडली की कळतं कोणती गाडी एका फेरीत दिसली आणि कोणती वीसच्या वीस फेऱ्यांत. एक साधा दिवस आणि एक गर्दीचा दिवस, दोन्ही घ्या. मग उपाय असा: मालक-कामगारांसाठी बाजारापासून पाच-सात मिनिटं चालत असलेल्या मोकळ्या जागेत स्वस्त मासिक पास, तिथे पत्र्याची सावली आणि एक राखणदार. दुकानासमोर पहिला अर्धा तास फुकट, पुढे दर चढत जाणारा. दिवसभराचा सपाट दर ठेवला तर कामगाराची गाडी परत ओट्याला येते, हे ठरलेलं.

या जोडीला बहुमजली पार्किंगची मागणी येते. चारचाकीसाठी ठीक आहे. पण दहा मिनिटांत नाडा-बिडिंग घेऊन जाणारा दुचाकीस्वार रॅम्प चढून तिसऱ्या मजल्यावर गाडी लावणार नाही. इमारत बांधायचीच तर तळमजला पूर्ण दुचाकीला द्या, कारला वर पाठवा. तळमजल्यावर गाळे काढले की ती पार्किंगची इमारत राहत नाही, आणखी एक मार्केट होतं आणि त्याची स्वतःची गर्दी येते.

काही जण बायपासकडे डोळे लावून बसलेत. बायपासने आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली इथला जीवघेणा ताण हलका होतो, ते व्हायलाच हवं. पण घाणेकर चौकात अडकलेली गाडी नागपूरहून सुरतेला निघालेली नसते. ती चादर घ्यायला, भांडी घ्यायला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आलेल्या लेकीसाठी सराफ्यात काही बघायला आलेली असते. बाजारात येणारी वाहतूक बाजारातच सांभाळावी लागते.

आता एकेरीबद्दल. मी एकेरीच्या बाजूने आहे, पण अटी घालून. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत (१९९०) दुकानं, पार्किंग आणि आडवी ये-जा असलेल्या दोन पदरी दुहेरी रस्त्याची क्षमता ताशी ९०० कार-एकक (म्हणजे सगळी वाहनं कारच्या हिशोबात मोजून) धरली आहे, तोच रस्ता एकेरी केला तर १,४००. हा फायदा खरा आहे. पण तो दोन्ही पदर चालते असतील तरच. एकेरी केल्यावर मोकळी झालेली बाजू पार्किंगने भरली, तर हातात एकच पदर उरतो आणि रहिवाशांच्या माथी नुसता वळसा येतो. म्हणून वर सांगितलेलं दुचाकीचं काम एकेरीच्या आधी व्हायला हवं.

दिशा ठरवतानाही गडबड होते. आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो, त्यामुळे एकेरी रस्ते जोडून होणारं चौकोनी चक्र घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायचं. बाहेरून येणारा डावीकडे वळून आत शिरतो, बाहेर पडणाराही डावीकडेच वळतो, कोणी कोणाला आडवं जात नाही. उलट फिरवलं तर प्रत्येक तोंडाशी आत येणारा आणि बाहेर जाणारा एकमेकांना कापतात. दुसरं, जाण्याचा रस्ता आणि येण्याचा रस्ता यांत दीडशे-दोनशे मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. लांब वळसा दिला की लोक उलट्या दिशेने घुसतात, आणि एकेरी रस्त्यावर उलटी आलेली दुचाकी जास्त धोक्याची, कारण रस्ता ओलांडणारा माणूस एकाच बाजूला बघत असतो. धुळ्याच्या पेठेत कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात आखलेल्या सरळ समांतर गल्ल्या आहेत, तिथे अशा जोड्या पाडणं सोपं. जळगावच्या जुन्या भागात गल्ली मध्येच वाकते, मध्येच चिंचोळी होते. अग्निशमनचा बंब अडीच मीटर रुंद असतो. कागदावर चक्र काढण्याआधी बंब प्रत्यक्ष त्या वळणावरून फिरवून बघा, जिथे अडेल तिथे दुसरी वाट शोधा.

कायमचं काही बांधायची घाई नको. मोटार वाहन कायद्याच्या ११५व्या कलमात सोय आहे: वाहतुकीवरचा निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी पुरते. म्हणजे दोरी, ड्रम, वाळूची पोती आणि फलक एवढ्यावर महिनाभर प्रयोग होऊ शकतो. प्रत्येक तोंडावर दोन माणसं, सकाळपासून रात्री दुकानं बंद होईपर्यंत. पहिले तीन-चार दिवस गोंधळ होणारच, दुसरा आठवडा संपेपर्यंत निकाल देऊ नका. पहिला प्रयोग पौषात करा, लग्नं नसतात, ऊनही नसतं, लोकांना सवय होते. दुसरा लग्नसराईत करा, कारण खरी परीक्षा तेव्हाच. आणि दोन्ही वेळा फक्त बाजारातली वाहतूक मोजून थांबू नका. बळीराम पेठेत, शनिपेठेत, शाळा सुटण्याच्या वेळी किती गाड्या वाढल्या तेही मोजा. तिथल्या लोकांचा विरोध नुसता हट्ट म्हणून उडवून लावणं अन्याय होईल. बाजार मोकळा होतो तेव्हा ती गर्दी कोणाच्या तरी दाराशी जातेच.

दाणा बाजाराचं दुखणं वेगळं. तिथे रस्ता मालाने अडतो. दहा टनांचा ट्रक म्हणजे ५० किलोची २०० पोती. चार हमाल, पोतं टाकून परत यायला दोन मिनिटं धरली, तर शंभर मिनिटं तो ट्रक जागेवरून हलत नाही. हा ट्रक सकाळी अकराला आला की दुपारपर्यंतची वाट लागली. मोठ्या गाड्यांना रात्री दहा ते सकाळी आठ, छोटा हत्ती आणि लोडिंग रिक्षांना सकाळी दहापर्यंत, असं वेळापत्रक हवं. "आमच्याकडे दुपारी एक ते चार बाजार ओस असतो, तेव्हा उतरवू द्या" अशी सूचना ऐकायला येते. पावसाळ्यात, हिवाळ्यात जरूर विचार करावा. पण ४४ अंशांच्या उन्हात हमालाच्या पाठीवर पोतं देणं मला मान्य नाही. रात्रीच्या कामाची हमाली जास्त द्यावी लागेल, ती द्यायची तयारी ठेवा. नुसता "जड वाहनांस बंदी" असा बोर्ड लावून काही होत नाही, कारण माल तर यायचाच असतो.

हॉकर्सच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे, तरी चर्चा अतिक्रमणच्या गाडीपासूनच सुरू होते. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले लागतात, त्यांत एकतृतीयांश महिला. आता जागेचा प्रश्न. गिऱ्हाईक जिथून चालतं तिथेच भाजी विकली जाते, गल्लीच्या पोटात नेऊन बसवलं तर आठवड्यात लोटगाडी परत सुभाष चौकात. म्हणून पार्किंगमधून सुटलेल्या २ मीटरच्या पट्ट्यात एका बाजूला रंगाने आखलेल्या जागा द्या, प्रत्येक आठ-दहा लोटगाड्यांनंतर ओलांडायला मोकळी फट, आणि चौकाच्या कोपऱ्यापासून दोन्हीकडे काही मीटर कोणीही नाही. कोपरा मोकळा असला तरच वळणारी रिक्षा आणि ओलांडणारा माणूस एकमेकांना दिसतात.

जुन्या मार्केटच्या पुनर्विकासावर थोडक्यात. महापालिकेच्या बऱ्याच संकुलांतल्या गाळ्यांचे करार २०१२ मध्येच संपले आणि तो वाद वर्षानुवर्षं चालला. पालिकेची मालमत्ता भाड्याने द्यायची तर महानगरपालिका अधिनियमाचं ७९वं कलम बाजारभावाकडे बोट दाखवतं, आणि गाळेधारकाने उभं आयुष्य तिथे काढलेलं असतं. हा गुंता सोडवल्याशिवाय नव्या इमारतीची चित्रं दाखवण्यात अर्थ नाही. तळमजल्यावरच्या दुकानदाराला नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गाळा दिला, तर त्याचा धंदा गेला, मग क्षेत्रफळ दुप्पट द्या की तिप्पट. तळमजल्याच्या बदल्यात तळमजलाच, आणि काम सुरू असताना पर्यायी गाळा त्याच रस्त्यावर.

रस्त्याचं काम करताना क्रम चुकू देऊ नका. आधी पाणी, मलनिस्सारण, वीज, केबल, सगळं जमिनीखाली, आणि दर काही अंतरावर रिकामा पाइप आडवा टाकून ठेवा म्हणजे पुढचं खोदकाम वाचेल. अमृत योजनेच्या खोदकामात आपण काय भोगलं ते आठवा. पेव्हर ब्लॉक बसवायचे तर जिथून छोटा हत्ती जाणार तिथे ८० मिलीमीटर जाडीचे, एम-४० दर्जाचे. फक्त चालायच्या जागी ६० पुरतात. आपल्याकडे खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती उकरून मुरूम-खडीचा थर दाबून घेतल्याशिवाय ब्लॉक टिकत नाहीत. कडेला काँक्रीटची पट्टी नसेल तर कडेचे ब्लॉक सरकतात, फटीतली वाळू निघते आणि वर्षभरात रस्त्याला लाटा येतात. फूटपाथ बाजारात किमान अडीच मीटर, उंची १५ सेंटिमीटरच्या आत. एक फूट उंच बांधला तर म्हातारं माणूस चढत नाही, मग त्यावर माल चढतो. आणि सावली! मे महिन्यात सावली नसलेल्या फूटपाथवरून कोणी चालणार नाही. कडुनिंब लावा, तो वाढेपर्यंत दुकानांच्या ओळीला सलग, एका उंचीचं छत द्या.

शेवटचं, रथाबद्दल. १८७२ पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ याच बाजारातून निघतो. मोगरी लावणारे चाकाखाली लाकूड सारून तो थांबवतात, वळवतात. दुभाजक, उंच बेट, पक्के खांब उभारले तर मोगरी लावायला आणि रथ फिरवायला जागा राहणार नाही. खांब उपसून काढता येतील असे बसवा, त्याच्या खाचेवर रस्त्याच्या पातळीत बसणारं झाकण हवं, आणि वायरी खाली नेण्याचं काम रथाच्या मार्गापासून सुरू करा. आराखडा पक्का करण्याआधी मोगरी लावणाऱ्या मंडळींना घाणेकर चौकात बोलवा आणि चुन्याने वळण आखून घ्या.

दाणा बाजारातल्या मंडळींनी खाली लिहा, रात्रीची उतराई कोणत्या वेळेत जमेल आणि हमालीचा फरक किती पडेल. बाकी दुकानदारांनी एवढंच लिहा: दुकानाची दर्शनी रुंदी किती फूट, आणि समोर स्वतःच्या दुचाकी किती.