सॅक्सिटॉक्सिनची कुपी उशिरा का आली: आपल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

आमच्याकडून मागवलेल्या स्टँडर्डबद्दल (म्हणजे विषाचं प्रमाण मोजताना तुलनेसाठी लागणारं, नेमक्या तीव्रतेचं द्रावण) आपल्या तक्रारी तीन. शिंपल्यांत सापडणाऱ्या दोन विषांपैकी डोमोइक ॲसिडचं स्टँडर्ड आठवड्यात आलं, सॅक्सिटॉक्सिनला दोन महिने लागले. आमच्या माणसाने कुपी तुमच्या पर्चेसवाल्याला न देता परत नेली. आणि अर्धं स्टँडर्ड शेजारच्या लॅबला द्यायला आम्ही मनाई केली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुढच्या ऑर्डरलाही तसंच होईल, म्हणून कारणं लिहितो.

शिंपल्यांच्या एकाच नमुन्यात तुम्ही दोन्ही विषं शोधता, पण कायद्याला ती सारखी नाहीत. डोमोइक ॲसिड रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या कुठल्याच यादीत नाही. सॅक्सिटॉक्सिन पहिल्या यादीत आहे, सरिन आणि मस्टर्ड गॅसच्या पंगतीला. सजीवांपासून मिळणाऱ्या विषांपैकी तिथे त्याच्या सोबतीला फक्त रिसिन. हा पदार्थ एका सदस्य देशातून दुसऱ्या सदस्य देशातच जातो, ठरावीक कामांसाठीच, आणि पाठवण्याच्या ३० दिवस आधी दोन्ही देशांनी हेगमधल्या या कराराच्या सचिवालयाला कळवायचं असतं. कुपीत मोजके मायक्रोग्राम आहेत म्हणून सुटका नाही. ५ मिलिग्रॅमपर्यंत आगाऊ मुदतीची सूट आहे खरी, पण ती वैद्यकीय आणि निदानाच्या कामाला. निर्यातीच्या कालवांची तपासणी त्यात बसते का, यावर पत्रापत्री करण्यापेक्षा ३० दिवस थांबलेलं परवडतं, असं आमचं मत.

उरलेला महिना कागदांत गेला. तुमच्या अंतिम वापराच्या प्रमाणपत्रावर पत्ता मुंबईच्या ऑफिसचा होता, फ्रीज मात्र रत्नागिरीला. प्रमाण ‘१ नग’ लिहिलं होतं. तिथे मायक्रोग्राममध्ये वजन लागतं. उद्देश नुसता ‘संशोधन’. कोणत्या पद्धतीने, कोणत्या नमुन्यांत, किती महिने वापरणार, हे नसलं की परदेशी पुरवठादार प्रश्न पाठवतो आणि फाइल पुन्हा तळाशी जाते. सही पर्चेस मॅनेजरची होती. ती लॅबप्रमुखाची हवी, कारण कुपीचा हिशेब तोच देणार.

कुपी परत नेण्याचं कारणही तेच. प्रमाणपत्रात ज्या दोन ॲनालिस्टची नावं आहेत, त्यांच्यापैकी एकाने ओळखपत्र दाखवून, सील आणि बॅच नंबर पडताळून सही करायची, असा आमचा नियम आहे. गेटवर, रिसेप्शनवर, कुरिअरवाल्याकडे आम्ही ती ठेवत नाही. प्रमाणपत्रात नाव असलेला माणूस नोकरी सोडून गेला तर त्याच दिवशी कळवा. फ्रीजची चावी नेमकी गेलेल्या माणसाच्या खणात राहिलेली असते!

शेजारच्या लॅबचं म्हणाल तर प्रमाणपत्र तुमच्या नावावर आहे. अर्धं द्रावण तिकडे गेलं की तुमच्या रजिस्टरात वजन जुळत नाही आणि त्यांच्याकडे कागदच नाही. त्यांना शिंपल्यांतल्या या विषासाठी युरोपने ठरवलेल्या ८०० मायक्रोग्राम प्रतिकिलोच्या मर्यादेसाठी आकडा हवा असेल, तर त्यांनी नमुने तुमच्याकडे पाठवावेत. विष फिरवण्यापेक्षा शिंपल्या फिरवणं सोपं.

रजिस्टरमध्ये प्रत्येक वेळी तारीख, किती मायक्रोलिटर काढले, किती उरले आणि दोन सह्या हव्यात. पातळ केलेली वर्किंग सोल्युशन्सही त्यात येतात. बहुतेक लॅब फक्त मूळ कुपी लिहितात आणि वर्षअखेरीला हिशेब बसत नाही. संपलेली कुपी ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत तापवून) टाकू नका, हा रेणू लहान आणि उष्णतेला चिवट आहे. २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट आणि ०.२५ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइडच्या मिश्रणात निदान ३० मिनिटं बुडवून ठेवा. मिश्रण त्याच दिवशी बनवा, जुन्या ब्लीचचा जोर उतरलेला असतो. त्यात ॲसिड पडू देऊ नका, क्लोरीन सुटतो. स्टँडर्ड स्वतः सौम्य ॲसिडमध्ये येतं, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा.

पुढचं स्टँडर्ड लागणार असेल तर सध्याच्या कुपीत तीन महिन्यांचा साठा असतानाच ऑर्डर द्या. लॅबच्या ईमेलवरून द्या, वैयक्तिक जीमेलवरून आलेली ऑर्डर आम्ही नोंदवत नाही. प्रमाणपत्राचा कच्चा मसुदा आधी पाठवलात तर दोन दिवसांत तपासून देऊ, त्याचे पैसे लागत नाहीत.