पावसाचं बिल

गेल्या आठवड्यात पुण्यात तासभर जोराचा पाऊस झाला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर नेहमीचे फोटो आले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोटरीभर पाणी, सायलेन्सरपर्यंत बुडालेल्या स्कूटर, वॉचमनच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेलं मांजर. पाठोपाठ दादाचा मेसेज : "ढगफुटी! महापालिका झोपलीय." मला राहवलं नाही. लिहिलं, आमच्याकडे जर्मनीत घरटी पावसाच्या पाण्याची फी भरावी लागते, तशी पुण्यात लावा, मग बघा अंगणातल्या फरशा कशा निघतात. त्यावर जे हसू सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. "आता पावसावरही कर?" "श्वासावर कधीपासून?" आणि आत्याचं, "तुमच्याकडे देवालाही मीटर बसवलंय का गं?"

थट्टेचा मला राग नाही. राग आहे तो 'ढगफुटी' या शब्दाचा. हवामान खात्याच्या लेखी तासाला 100 मिमी पाऊस झाला तर ती ढगफुटी. महसूल खात्याच्या लेखी मंडळात 24 तासांत 65 मिमी झाला तर अतिवृष्टी. दादाचा पाऊस यातल्या कशातच बसत नव्हता. पण एकदा ढगफुटी म्हटलं की विषय आभाळावर जातो, आणि आभाळाला कोण नोटीस काढणार? हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, ते थोड्या वेळात जोरात कोसळतं, हे सगळं खरं. म्हणून तर खाली पडल्यावर त्याने जायचं कुठे, हे आधी ठरवायला हवं.

क्योल्नजवळच्या आमच्या गावात ते कसं ठरतं, तर पत्राने. घर घेतलं त्याच वर्षी नगरपालिकेचा लिफाफा आला. आत आमच्या घराचा विमानातून काढलेला फोटो. छप्पर लाल रंगवलेलं, गाडीची वाट पिवळी, मागची शेड पुन्हा लाल. प्रत्येक तुकड्यावर चौरस मीटर. जिथलं पाणी गटारात जातं तेवढ्या जागेची फी, चौरस मीटरला वर्षाला सव्वा युरोच्या आसपास. फटींतून गवत उगवणाऱ्या फरशा घातल्या तर निम्मी. पाणी आपल्याच मातीत जिरवलं तर शून्य. शेडच्या अकरा चौरस मीटरसाठी मी आम्टशी, म्हणजे सरकारी कचेरीशी, दोन महिने पत्रव्यवहार केला. माझं म्हणणं, शेडचं पाणी पिंपात जातं. त्यांचं म्हणणं, पिंप भरल्यावर वरचं पाणी गटारातच जातं ना? शेवटी मी शनिवारी बाउमार्क्टमधून, म्हणजे बांधकाम-सामानाच्या दुकानातून, पाइप आणला, बागेत टोपलीएवढा खोल खळगा खणला आणि पन्हळीचं तोंड तिकडे वळवलं. खर्च दोनशे युरो, बचत वर्षाला चौदा. पण त्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या छपरावर किती पाणी पडतं याचा विचार केला. आत्याच्या मीटरचं काम हेच.

पुण्यात याची उलटी तऱ्हा. तिथे पावसाचं पाणी जिरवलंत, सौरऊर्जा बसवलीत किंवा गांडूळखत केलंत तर मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत मिळते. चांगलं आहे. पण सवलत घेणारा घेतो. जो अंगण सिमेंटने लिंपून पाणी रस्त्यावर सोडतो त्याला त्याचा पैसाही पडत नाही. ते पाणी खालच्या वस्तीत जातं आणि बिल तिथे फाटतं.

हे मी ग्रुपवर लिहिलं. जरा तोऱ्यातच लिहिलं, कबूल. पुणं आणि क्योल्न, वर्षाचा पाऊस साधारण सारखाच, असंही ठोकून दिलं. आकडा खोटा नाही, पण लबाड आहे. इथला पाऊस बारा महिने पिरपिरत असतो, पुण्याचा बहुतेक सगळा चार महिन्यांत येतो. दादाने तिकडे लक्षच दिलं नाही. त्याने एकच शब्द पाठवला. "आर?"

नेम बरोबर बसला. 14 जुलै 2021 च्या रात्री आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आर नदीच्या खोऱ्यात 130 च्या वर माणसं गेली. झिन्त्सिषला अपंगांच्या वसतिगृहात बारा जण तळमजल्यावरच बुडाले. इशारे आले होते. लोकांना वेळेत घराबाहेर काढणं जमलं नाही. त्याच दिवशी क्योल्नच्या श्टाम्हाइम केंद्रावर 24 तासांत 150 मिमीहून जास्त पाऊस मोजला गेला. माझा खळगा कुठे आणि हे कुठे! मी उत्तर दिलं, की ती डोंगरातली नदी, हा शहरातल्या गटारांचा प्रश्न, दोन्हींची गल्लत करू नकोस. उत्तर बरोबरच आहे. पण त्या रात्री आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, काय झालं ते मी ग्रुपवर तेव्हाही सांगितलं नव्हतं, आताही नाही. "आम्ही सुखरूप" एवढंच लिहिलं होतं. फरशीतल्या जाळीतून गटाराचं पाणी उलटं वर आलं होतं. पाणी मागे येऊ न देणारी झडप बसवा, असं विमा कंपनीने दोनदा कळवलं होतं आणि मी ती पत्रं फोल्डरमध्ये नीट लावून ठेवली होती. खालच्या फळीवर अण्णांची पत्रं होती. निळी एरोग्राम, मी इकडे आल्यावर पहिली पाच-सहा वर्षं दर महिन्याला येणारी. शाई आधीच फिकटलेली, त्यात सगळा लगदा झाला. झडप मी पुढच्या महिन्यात बसवली.

अण्णांचं घर सहकारनगरात, तळजईच्या उताराला. दहा हजार चौरस फुटांचा प्लॉट, मधे बैठं घर, मागे आड, आडाजवळ पारिजातक. पन्हळीचं पाणी चर काढून आडाकडे नेलेलं असायचं आणि पहिल्या पावसाआधी तो चर साफ करणं हे दादाचं आणि माझं काम. तेव्हा त्याला रेनवॉटर हार्वेस्टिंग म्हणतात हे कोणाला ठाऊक! खाली आंबिल ओढा. कात्रजकडून येणारा हा ओढा नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं बांधताना वळवला. आजच्या सारसबागेतला तळ्यातला गणपती त्याच तळ्यातला. म्हणजे पुण्याने ओढ्याशी खेळ आत्ता सुरू केला असं नाही. पण वळवताना त्याला पात्र आणि तळं दोन्ही दिली होती. आपण भिंती दिल्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढ्याने त्या पाडल्या. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत माणसं भिंतीखाली सापडली, पुणे परिसरात वीसहून अधिक मृत्यू झाले. मी इथे फोनवर व्हिडिओ बघत होते आणि तेव्हाही ग्रुपवर लिहिलं होतं, की ओढ्यात बांधकामांना परवानगी देणाऱ्यांना आत टाका.

त्याच्या चार वर्षं आधी आमचं घर पाडून सात मजली इमारत उभी राहिली होती. दादा तयार नव्हता. त्याचं म्हणणं, आड तरी राहू दे. आड ठेवला तर चार गाड्यांची जागा जात होती आणि बिल्डरचं गणित बसत नव्हतं. मी म्हटलं, भावनेत अडकू नकोस. सुट्टी काढून फ्रँकफर्टच्या वकिलातीत गेले, कुलमुखत्यारपत्रावर सही केली, शिक्का घेतला, येताना स्टेशनवर ब्रेत्सेल खाल्लं. आड भरला. भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, खाली काँक्रीट. पाणी जिरवण्याचा खड्डा नकाशात आहे. जागेवर त्याच्या झाकणावर जनरेटर उभा आहे.

परवा रात्री मी माझाच शेडवाला हिशेब तिथे लावून बघितला. दहा हजार फूट म्हणजे सव्वानऊशे चौरस मीटर. त्यावर 65 मिमी पडला तर साठ हजार लिटर, दहा हजारी टँकर सहा. पूर्वी त्यातलं बरंचसं आडात आणि मातीत जायचं. आता पार्किंग भरलं की उरलेलं फाटकाबाहेर, आणि फाटकाबाहेरचा उतार ओढ्याकडे. त्या रात्रीच्या पुरात आमचं पाणी किती होतं हे कोणी मोजणार नाही, आणि मोजलं तरी ते त्यात थेंबभर निघेल. तिकडे विमानातून फोटो काढून कोणी लाल रंग लावलेला नाही, म्हणून मी दहा वर्षं बिनधास्त लेख लिहू शकते.

हिशेब ग्रुपवर टाकला. आडाचं काही लिहिलं नाही. दादाला आठवण करून द्यायची गरज नव्हती. सुचवलं, की दोन पार्किंगमधले ब्लॉक काढा, जनरेटर हलवा, जुन्या आडाच्या जागी शोषखड्डा घ्या. हसण्याचे इमोजी आले नाहीत. आत्याने नमस्काराचे हात पाठवले, ते ती सगळ्यालाच पाठवते.

दादाचं उत्तर आलं ते ग्रुपवर नाही, मला एकटीला. आड होता तिथे तुझंच पार्किंग आहे, चौदा नंबर. तिसऱ्या मजल्यावाल्यांना दिलंयस, महिन्याला दोन हजार येतात. त्यांना काढायला सांगू का?

दोन दिवस झाले. निळ्या टिका त्याला दिसल्या असतील.