आठ हजारांच्या प्रोजेक्टरवर वर्गणी घालवण्याआधी

शाळा उघडायच्या तोंडावर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : वर्गासाठी लाखाचा प्रोफेशनल प्रोजेक्टर घेणं म्हणजे स्वतःला लुटून घेणं, आठ हजारांच्या मिनी प्रोजेक्टरमध्ये १२,००० ल्युमेन उजेड आहे, तो फोर-के (अगदी बारीक तपशिलाचं चित्र) चालवतो, त्याचा दिवा ५०,००० तास टिकतो, मोठ्या मशिनमध्ये जास्तीचं काही नसतं, पैसे फक्त नावाचे.

मी जळगावात प्रोजेक्टर बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. हा मेसेज मला सात जणांनी पाठवला, त्यांतल्या तिघांनी 'मागवू का?' म्हणून विचारलं. आपल्याकडच्या झेडपी शाळांत हा पैसा लोकवर्गणीचा असतो. कुणी केळीचा ट्रक भरल्यावर हजार देतं, कुणी मजुरीतून पन्नास. तो पाण्यात जाताना माझ्याच्यानं बघवत नाही.

आधी ते १२,००० ल्युमेन बघू. उजेड मोजायची ठरलेली रीत आहे. पडद्याचे नऊ समान भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा, सरासरी काढायची आणि पडद्याच्या क्षेत्रफळानं गुणायचं. हे झालं एएनएसआय ल्युमेन. आयएसओ २१११८ हे मानकही याच कामासाठी आहे. मिनी प्रोजेक्टरच्या खोक्यावर नुसतं 'ल्युमेन' असतं, ते कसं मोजलं याचा पत्ता नसतो. असाच एक '१२,०००'वाला मी लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) लावून मोजला. २८० भरला.

हिशोब सोपा आहे. १०० इंची पडदा साधारण २.२ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच, म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. त्यावर २८० ल्युमेन पसरले की जेमतेम १०० लक्स, म्हणजे चौरस मीटरला १०० ल्युमेन, उरतात. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात भिंतीवर आधीच ३०० लक्स असतात असं धरा. प्रोजेक्टर काळं टाकू शकत नाही, त्यामुळे 'काळा' म्हणजे ते ३०० आणि 'पांढरा' म्हणजे ४००. एवढ्याशा फरकात अक्षर उठत नाही. ३,५०० ल्युमेनवाला त्याच भिंतीवर पांढरा १,५७० पर्यंत नेतो, काळ्याच्या पाचपट.

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाचवीचा वर्ग, सकाळचे अकरा, मिनी प्रोजेक्टरनं भिंतीवर टाकलेला जिल्ह्याचा नकाशा. सर छडीनं तापी दाखवत होते, पण ती निळी रेघ भिंतीच्या रंगात विरून गेली होती. मागच्या बाकावरची पोर म्हणाली, "सर, माले काहीच दिसस नही." खिडक्यांना चादरी बांधाव्यात तर वर्गात गुदमरायला होतं.

फोर-केचं दोन वाक्यांत उरकतं. 'सपोर्ट' म्हणजे तो सिग्नल आत घेतो, एवढंच. चित्र घडवणारं आतलं पॅनेल किती ठिपक्यांचं ते 'नेटिव्ह' या शब्दापुढे असतं, आणि तिथे बरेचदा १२८० बाय ७२० किंवा त्याहून कमी निघतं.

५०,००० तासांवर मात्र मला जास्त बोलायचंय, कारण इथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. दिव्याचे तास बहुधा उजेड निम्मा होईपर्यंतचे सांगतात. आणि एलईडी टिकेलही, पण एकटा एलईडी काय करणार? मिनी प्रोजेक्टर उघडला की आत एकच एलसीडी पॅनेल दिसतं, मागे तापलेला एलईडी, आणि दोघांवर वारा घालणारा छोटा पंखा. उष्णतेनं पॅनेलपुढची पोलरायझरची (उजेड गाळणारी) फिल्म पिवळी पडते, मग मधोमध करपते. जळगाव-भुसावळचा एप्रिल-मे तुम्हाला मी सांगायला नको. बहुतेक प्रोजेक्टरांना ४० अंशांपर्यंतच चालवा म्हणून माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पत्र्याच्या खोलीत छताजवळ त्याहून जास्त तापमान असतं. चांगलं मशीन अशा वेळी उजेड आपोआप कमी करतं, नाहीतर इशारा देऊन बंद होतं.

दुसरी अडचण धुळीची. जिनिंगच्या आसपासच्या एका क्लासचा प्रोजेक्टर मी उघडला तेव्हा फिल्टरवर कापसाच्या लवेची गादी बसली होती, नखानं अख्खी सोलून निघाली. फिल्टर झटकून बसवल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं. मिनीमध्ये बहुधा फिल्टरच नसतो. ती लव थेट पॅनेलवर जाते आणि पडद्यावर डाग दिसतात. लेसर प्रोजेक्टरांत तर काहींचं आतलं ऑप्टिकल युनिट धूळबंद असतं. लेसरचे साधारण २०,००० तास सांगतात. वर्षाला २२० दिवस, रोज पाच तास धरले तर अठरा वर्षं. शिवाय अचानक वीज गेली तरी लेसरला चिंता नाही, आली की लगेच उजेड. जुन्या दिव्याच्या मशिनला थंड व्हायला वेळ लागतो आणि लोडशेडिंगचे झटके त्या दिव्याला सोसत नाहीत.

आता 'फक्त नावाचे पैसे'. अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रकारचा प्रोजेक्टर भिंतीपासून हातभरावर बसतो, त्यामुळे फळ्यापुढे उभ्या बाईंची सावली चित्रावर पडत नाही आणि डोळ्यांत झोतही जात नाही. लेन्स शिफ्टनं चित्र वर-खाली सरकवता येतं. मिनीमध्ये त्यासाठी कीस्टोन (तिरकं चित्र चौकोनी करायची सोय) वापरावं लागतं आणि ते चित्र कापून, दाबून बसवतं. मोठ्या हॉलमध्ये एचडीएमआयची लांब वायर दगा देते, तिथे एचडीबेसटी असलेलं मशीन नेटवर्कच्या साध्या केबलवरून १०० मीटरपर्यंत चित्र नेतं.

मेसेजमधलं एक मला मान्य आहे. प्रत्येक शाळेला लाखाचं मशीन लागत नाही. तीस-चाळीस मुलांच्या वर्गाला ३,३०० ते ३,५०० एएनएसआय ल्युमेनचा दिव्याचा प्रोजेक्टर पुरतो, तो चाळीस-पन्नास हजारांत येतो. लेन्स शिफ्ट, एचडीबेसटी हे कंपनीच्या सभागृहासाठी. मिनीही रात्री घरात सिनेमा बघायला चालतो. कोणताही घ्या, पण विक्रेत्याला भर दुपारी तुमच्याच वर्गात, खिडक्या उघड्या ठेवून लावून दाखवायला सांगा आणि तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसा.

चोपड्याकडच्या त्या शाळेनं पुन्हा वर्गणी काढून ३,५०० ल्युमेनचा घेतला. सर दर पंधरा दिवसांनी स्टुलावर चढून फिल्टर काढतात, पोरं खाली कागद धरून उभी असतात. नकाशातली तापी आता मागच्या बाकावरून दिसते.