‘पुस्तकी लेख’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. मध्यम आकाराच्या टाकीत कोणते सिक्लिड (लॅब, एंजल, फ्लॉवरहॉर्न हे मासे ज्यात येतात ते कुळ) एकत्र ठेवावेत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : लेख पुस्तकी आहे, लिहिणाऱ्याने मासे पाळलेच नसावेत, फिल्टरविषयी त्यात त्रोटक लिहिले आहे, दर आठवड्याला पाणी बदलण्याचा सल्ला अनावश्यक आहे, फ्लॉवरहॉर्नचा उल्लेखच नाही, आणि ‘माझ्या तीन फुटी टाकीत पिवळे लॅब आणि एंजल सहा महिने गुण्यागोविंदाने राहत आहेत, तेव्हा हा सगळा उगाच बाऊ आहे’.

फिल्टरचा परिच्छेद त्रोटक आहे, हे मान्य.

परंतु ‘पुस्तकी’ हे विशेषण मला लागले, आणि ते लपवण्याचे मला कारण दिसत नाही. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात वडिलांनी लोखंडी चौकटीत काचा बसवलेली टाकी ठेवली होती. नाशिकच्या थंडीत रात्री वीज गेली, की त्या टाकीभोवती गोधडी गुंडाळण्याचे काम माझ्याकडे असे. तेव्हापासून माझ्या घरात टाकी नाही, असा काळ गेलेला नाही. ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत, त्याने मासे पाळलेच नसावेत असे चारचौघांत लिहिण्याआधी एकदा विचारले असते, तर मी आनंदाने सांगितले असते. लेखातले कोणते विधान चुकीचे आहे ते दाखवावे, मी ऐकून घेईन. लिहिणाऱ्याच्या अनुभवावरच शंका घेण्याची ही रीत मात्र मला पटत नाही.

आता आपल्या लॅब आणि एंजलविषयी. दुकानातून आपण आणतो ती पिल्ले इंच-दीड इंचाची असतात, आणि त्या वयात जवळपास कोणताही सिक्लिड कोणाशीही जुळवून घेतो. हद्द राखण्याची वृत्ती वयात आल्यावर जागी होते, आणि एंजलची जोडी जमली की तीही टाकीचा एक कोपरा आपला मानून इतरांना हाकलू लागते. म्हणूनच सहा महिन्यांच्या भांडवलावर ‘जमते’ असा निकाल देणे मला घाईचे वाटते, आणि खरे सांगायचे तर तुम्हालाही तसे वाटायला हवे होते.

लॅब हा आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या खडकांत राहणारा मासा आहे. त्याच्या भाईबंदांत तो बराच सौम्य, हे मी लेखातच लिहिले आहे. तरीही पाठलाग करणे, समोरासमोर ठाकणे आणि हरल्यास दगडाच्या फटीत शिरणे, हेच त्याचे रोजचे जीवन. एंजल ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, संथ पाण्यात बुडालेल्या फांद्यांमधून फिरणारा, उंच अंगाचा आणि लांब परांचा. त्याला दगडाच्या फटीत शिरता येत नाही, आणि तीन फुटांत पळायला जागाही नसते. गंगापूर रोडवरच्या एका स्नेह्यांच्या टाकीत हीच जोडगोळी मी पाहिली आहे : एंजल पर मिटून वरच्या कोपऱ्यात उभा, खाण्याला सर्वांच्या शेवटी येणारा, आणि पोटाखालचे दोन लांब पर खुडून आखूड झालेले. घरचे लोक कौतुकाने म्हणत होते, की मासा फार शांत आहे. तो दबलेला होता. आपल्या टाकीतल्या एंजलचे ते दोन पर आज संध्याकाळी जरा निरखून पाहावेत, एवढीच माझी विनंती आहे.

पाण्याचा मुद्दा मी येथे ताणत नाही. मलावीचे पाणी साधारण ७.७ ते ८.६ सामू (पीएच) असलेले, म्हणजे अल्कधर्मी, ॲमेझॉनचे बहुतेक मऊ आणि आम्लधर्मी. परंतु पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत पैदास झालेले एंजल मध्यम कठीण पाण्यातही राहतात. माझा आक्षेप स्वभावाचा आहे.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे २५० लिटरच्या टाकीत लॅबचा एक नर, तीन-चार माद्या, सोबत रस्टी सिक्लिडचा तसाच छोटा गट आणि तळापासून नीट रचलेले दगड, ही माझी शिफारस कायम आहे. लॅबबरोबर रेड झेब्रा नको, कारण त्यांचा संकर सहज होतो आणि ती फिकट पिल्ले पुढे लॅब म्हणूनच विकली जातात. दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून मिळणाऱ्या मिश्र पिल्लांमधून ऑराटस तर मुळीच घेऊ नये, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले ते देखणे पिल्लू नर निघाले, तर मोठेपणी काळपट होऊन सगळी टाकी वेठीस धरते. एंजलच आवडत असतील, तर उंच टाकीत त्यांच्यासोबत बोलिव्हियन रॅम हे छोटे सिक्लिड ठेवावेत. या दोघांनाही नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतोच.

पाणी बदलण्याविषयी एवढेच, की फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचे नायट्रेट करतात. ते साठलेले नायट्रेट बाहेर काढायला बादलीच लागते. आणि फ्लॉवरहॉर्न लेखात नाही, कारण लेख एकत्र ठेवण्याच्या माशांविषयी होता, आणि तो मासा एकटाच ठेवायचा असतो.